पाऊण वहिनीचा घोटाळा

फळीमामांच्या कारखान्यात सगळं होतं. करवती होत्या, रंधे होते, गुण्या होता, पाणसळ होती, खळ शिजवायची मोठी कढई होती आणि कुणाच्या तरी बंद पडलेल्या तेलघाण्यातून उचलून आणलेला, माणसाच्या मांडीएवढ्या जाड स्क्रूचा दाब होता. नव्हता तो फक्त वजनकाटा. त्याची गरजच कधी पडली नाही. वहिनी होत्या ना!

फळीमामा मूळचे सुतार. दारं, खिडक्या, कपाटं. चांगलं चाललं होतं. पण त्यांच्या घरामागे भाताची गिरणी, आणि गिरणीमागे तुसाचा ढीग. ढीग म्हणजे काय, टेकडीच. हंगाम संपला की गिरणीवाला तो ढीग पेटवून द्यायचा आणि आठ दिवस धूर. एकदा मामी गच्चीवरून धुतलेली चादर घेऊन खाली आली. चादर पांढरी होती असं तिचं म्हणणं होतं, पण पुरावा काही उरला नव्हता.

"अहो," मामी म्हणाली, "लाकूड मिळत नाही, लाकूड मिळत नाही म्हणून सकाळसंध्याकाळ रडता. त्या तुसाचं काही करता आलं तर बघा. नाहीतर उद्यापासून चादरी तुम्ही धुवा."

मामांनी आयुष्यात वाघाची भीती बाळगली नव्हती (वाघ कधी भेटला नव्हता हा भाग वेगळा), पण चादर धुण्याच्या कल्पनेनं ते हबकले. दुसऱ्याच दिवशी दोन पोती तूस आणून अंगणात ओतला. तूस चुन्याच्या निवळीत भिजवायचा, वाळवायचा, गव्हाचं काड बारीक कापून त्यात मिसळायचं, वरून दाट खळ, मग सगळं लोखंडी साच्यात भरून दाबाखाली ठेवायचं, खालून तुसाचाच विस्तव. हे आज एका दमात सांगता येतं, पण तिथवर पोचायला त्यांना दीड वर्ष लागलं.

पहिली फळी शिंप्यानं नेली, इस्त्रीच्या टेबलासाठी. इस्त्रीची वाफ लागली तशी ती मधून मऊ पडत गेली, आणि दुपारपर्यंत जिभेसारखी खाली लोंबायला लागली. जिभेच्या टोकाला गिऱ्हाइकाची विजार. दुसरी न्हाव्याकडे गेली. तिच्यात चुकून दाणे राहिले होते, ते शोधायला शेजारची कोंबडी रोज दुकानात यायची आणि दाढी चालू असताना आरशाखाली टकटक करायची. गिऱ्हाईक दचकायचं, न्हाव्याचा हात दचकायचा. शेवटी न्हावी म्हणाला, "मामा, एकतर फळी न्या, नाहीतर कोंबडीला नोकरीवर ठेवा."

मग मामांनी वरून जवसाच्या तेलाचे तीन हात द्यायला सुरुवात केली, तूस दोनदा पाखडायला लागले, आणि तिसरी फळी जमली. जमली असं त्यांना वाटलं. पण ती किती भार घेईल, हे कसं कळणार?

फळी दोन विटांच्या थरांवर आडवी ठेवून मामा तिच्याकडे बघत बसले होते. तेवढ्यात वहिनी आल्या. वहिनी म्हणजे मामांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हापासून त्या यांच्याकडेच असत. भारदस्त बाई. आवाज भारदस्त, हसणं भारदस्त, आणि बाकीचंही तसंच.

"भाऊजी, चहा निवतोय," म्हणाल्या आणि समोर जे दिसलं त्यावर बसल्या. मांडीत मटारच्या शेंगांनी भरलेलं सूप होतं. सोलता सोलता त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीच्या सासूबद्दल बोलायला घेतलं, आणि तो विषय तासाभराच्या आत कधी संपलेला नाही. मामांचं कशाकडेच लक्ष नव्हतं. ते जमिनीवर आडवे होऊन फळीच्या खालची बाजू बघत होते.

"भाऊजी, तुम्ही ऐकताय ना?"

"ऐकतोय, ऐकतोय. हलू नका!"

तास झाला, मटार संपले, सासूही संपली. फळी मोडली नाही. मधोमध बरोबर एक बोट वाकली होती. मामांनी मागच्या भिंतीवर पेन्सिलीनं तिथे रेघ मारली, आणि फळीच्या पोटावर खडूनं लिहिलं: १ वहिनी.

त्या दिवसापासून गावात नवं माप सुरू झालं. अर्धी वहिनी म्हणजे वहिनींनी एक पाय जमिनीवर टेकवून बसायचं. पाव वहिनी म्हणजे नुसते दोन्ही हात टेकून उभं राहायचं आणि एक उसासा टाकायचा. कारखान्यात त्यांच्यासाठी हातांची खुर्ची आली, पाय ठेवायला पाट आला. लोक दारातूनच ओरडायचे, "मामा, चपला ठेवायला फळी हवीय, पाव वहिनी पुरेल!" बेकरीवाल्याला पिठाच्या पोत्यांसाठी दीड लागायची. वहिनींना हे कधी खटकलं नाही. उलट त्या मामीला म्हणायच्या, "लोकांची वजनं असतात गं. मी माप आहे."

आता दीड आणि दोन वहिनी कशा मोजायच्या? वहिनी तर एकच. पण मामा शिस्तीचे. त्यांनी अंगणात एक लांब ओंडका मधोमध टेकवून झुलता तराजू केला. एका टोकाला वहिनी, दुसऱ्या टोकाला वाळूची दोन पोती. ओंडका सपाट होईपर्यंत वाळू घातली. झालं! दोन पोती मिळून एक वहिनी, एक पोतं म्हणजे अर्धी. फळीवर वहिनी आणि शेजारी दोन पोती, की दोन वहिनी. त्याच दिवशी मामा स्वतःही ओंडक्यावर बसले होते. ते भरले पाऊण वहिनी. वहीत तशी नोंद आहे.

आणि वाळू आहे, उन्हापावसात कमीजास्त होते, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मामा पोती पुन्हा वहिनींशी ताडून बघायचे. "माप म्हणजे माप," ते म्हणायचे. "त्यात हयगय नको."

घोटाळा या हयगय न करण्यातूनच झाला.

गावाच्या वाचनालयात मुलांसाठी नवं दालन निघायचं होतं. वाचनालयाच्या बाई म्हणजे बारीक चणीच्या, चष्म्याच्या, सायकलवरून फिरणाऱ्या आणि हट्टाला पेटल्या की कुणाला न ऐकणाऱ्या. त्या म्हणाल्या, फळ्या मामांच्याच. नगर कचेरीतले तपासनीस म्हणाले, छे, लोखंडी कपाटं. बाई म्हणाल्या, लोखंडाला गंज चढतो आणि मुलांना टेंगळं येतात. तपासनीस म्हणाले, मग फळ्या लावा, मी गुरुवारी येऊन बघतो. एक जरी फळी बोटापेक्षा जास्त वाकली, तर भुशाचा माल या गावच्या कुठल्याही सार्वजनिक इमारतीत पुन्हा घुसणार नाही. आणि एकही वाकली नाही, तर फॉर्मवर ठप्पा मारतो.

त्या ठप्प्यावर मामांचा जीव जडला होता. लोक फळ्या नेत होते, वापरत होते, पण बोलताना म्हणायचे "मामांचा भुसा". लाकूडवाला तर रस्त्यात हाक मारून विचारायचा, "काय मामा, आज काय रांधलंत?" एकदा का ठप्पा पडला, की भुशाची फळी झाली. मामांनी ठप्प्यासाठी आधीच जागा करून ठेवली होती. दाराच्या वर, चौकटीत, काच लावून. चौकट रिकामी टांगली होती.

चोवीस फळ्या. प्रत्येक दोन वहिनींची. पाच महिने काम चाललं. दर फळीवर वहिनी बसल्या, शेजारी पोती बसली, मामा पोटावर आडवे झाले, बोटभर वाकणं तपासलं, खडूनं लिहिलं. सगळ्या फळ्या वाचनालयात बसवूनही झाल्या. तपासनीस यायला तीन दिवस होते.

सोमवारी सकाळी मामी म्हणाली, "अहो, पिठाचा डबा वरच्या कप्प्यात ठेवून द्या."

स्वयंपाकघरात नवं बाकडं होतं, गेल्याच महिन्यात केलेलं, खाली स्वच्छ अक्षरात "१ वहिनी". मामा डबा छातीशी धरून वर चढले. मामा पाऊण. डबा फार तर अर्धपाव. कुठल्याही हिशोबानं एक वहिनी होत नव्हती.

बाकडं म्हणालं, कट्.

धूळ बसल्यावर, म्हणजे पीठ बसल्यावर, मामा जमिनीवर दिसले. पांढरेशुभ्र. फक्त डोळे आणि तोंड उघडं. मामी धावत आली, आधी डबा बघितला आणि मग नवरा.

"लागलं का हो?"

"एक वहिनी होती," मामा कुजबुजले. "खाली लिहिलंय. एक वहिनी होती!"

"अहो, पण लागलं का?"

"वाचनालयात चोवीस आहेत गं!"

मग सोमवार सगळा तपासात गेला. मामांनी खळ चाखून बघितली. तूस हुंगला. दाबाच्या स्क्रूचे आटे मोजले. गिरणीवाल्याला जाऊन विचारलं, "यंदा भात अशक्त होता का?" गिरणीवाला म्हणाला, "मामा, घरी जा, अंगावर पीठ आहे."

मंगळवारी त्यांना सुचलं. ती अगदी पहिली जमलेली फळी अजून कोपऱ्यात होती, आणि भिंतीवरची पेन्सिलीची रेघही होती. त्यांनी फळी विटांवर ठेवली आणि हाक मारली, "वहिनी, जरा बसता का?"

वहिनी आल्या. गरम दिवस होता, तरी अंगात दोन स्वेटर आणि वर शाल. बसल्या. मामा आडवे झाले. आणि एकदम उठून बसले, डोकं फळीला आपटलं, त्याचंही भान नाही.

"रेघेपर्यंत येत नाही! पाऊण बोटच वाकतेय! अगं ए, इकडे ये! फळी म्हातारी होते तशी मजबूत होतेय! केवढा शोध लागला! म्हणजे वाचनालयातल्या फळ्या आज कच्च्या वाटल्या, तरी दहा वर्षांनी…"

"अहो," मामी म्हणाली.

"थांब, बाईंना सांगून येतो!"

"अहो, फळी तीच आहे."

"तेच म्हणतोय मी!"

"फळी तीच आहे," मामी म्हणाली, "वहिनी तेवढ्या राहिल्या नाहीत."

वहिनींनी शाल घट्ट ओढून घेतली.

"चार वेळा मी जाऊबाईंचे कपडे टीप मारून आत घेतलेत," मामी म्हणाली. "चार वेळा! मला शपथ घातली होती त्यांनी. पण आता तुम्ही फळ्या म्हाताऱ्या करायला निघालात, तर गप्प कशी बसू?"

मामांनी वहिनींकडे बघितलं. मग दाराबाहेर बघितलं. दाराशी वाळूचा ढीग होता. गेले आठ महिने दर पहिल्या तारखेला ओंडका पोत्यांच्या बाजूला झुकायचा, आणि मामा म्हणायचे, "वाळू दमट झालीय, जड झालीय," आणि पोत्यातून थोडी काढून दाराशी टाकायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा थोडी. त्या ढिगावर आता मांजर पाय ताणून झोपायचं. एवढी वहिनी दाराशी पडलेली, आणि मामा रोज तिला ओलांडून आत येत होते!

"वहिनी," मामा म्हणाले, "हे झालं कसं?"

वहिनींनी एक स्वेटर काढला. मग दुसरा. मग म्हणाल्या, "सायकल."

"काय?"

"सायकल शिकले. वाचनालयाच्या बाईंनी शिकवली. गिरणीमागच्या मैदानात, रोज सकाळी. आधी पडायचे, मग हँडल धरून चालायचे, आता दोन्ही हात सोडून येतं मला, भाऊजी!" एवढं म्हणताना त्यांचा चेहरा असा फुलला, की मामांना क्षणभर फळ्यांचा विसर पडला. मग तो चेहरा उतरला. "सांगणार कशी होते? माप घटलं म्हटलं तर ती खुर्ची जाईल. इतकी वर्षं या घरात बसून आहे, पण बसण्याला काही किंमत आली ती तुमच्या फळ्यांवर. म्हणून स्वेटर घालून बसत होते."

मामा रागावले का? रागवायला निघाले होते. पण समोर ज्या बाईनं एक तप त्यांच्या प्रत्येक फळीवर न कंटाळता बूड टेकवलं होतं, तिच्यावर रागवायचं कसं? ते म्हणाले, "हात सोडून? दोन्ही?"

"दोन्ही."

"पडाल हो, वहिनी!"

तो संपूर्ण दिवस हिशोबाचा. जुनी वहिनी एक, तर नवी पाऊण. म्हणजे चोवीस फळ्यांवर लिहिलेल्या दोन वहिनी म्हणजे खऱ्या दीड. तोड एकच होती: प्रत्येक फळीला मधोमध खालून आधार द्यायचा. एका फळीला आधार बसवायला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागणार. बुधवारचा एकच दिवस हातात.

वहिनींनी आपल्या परीनं उपाय काढला. "भाऊजी, तुम्ही आधार करा. मी भरून काढते," म्हणाल्या आणि जेवायला बसल्या. मंगळवारी संध्याकाळी अकरा बटाटे, लोण्यासकट. बुधवारी उजाडायच्या आत तांब्याभर दूध आणि डझनभर केळी. मामी वाढत होती, मामा येताजाता आशेनं बघत होते. बुधवारी दुपारी वहिनी एकट्याच ओंडक्यावर बसल्या. वजन होतं तेवढंच. फक्त उचकी लागली, ती लागली.

मामा आणि मामी बुधवारी उजाडल्यापासून वाचनालयात. मामांनी आधार कापायचे, मामीनं खालून धरायचे. बाई चहा देत होत्या आणि "सायकल मीच शिकवली, मला काय माहीत होतं त्या माप आहेत ते," असं दर फळीमागे एकदा म्हणत होत्या. दिवस मावळला तेव्हा एकोणीस फळ्या झाल्या होत्या. पाच राहिल्या.

मामी म्हणाली, "त्या पाचांच्या पुढे कुंड्या ठेवू या. साहेब तिकडे जाणारच नाहीत."

मामा म्हणाले, "आणि मुलं?"

मामीनं कुंडी खाली ठेवली.

गुरुवारी तपासनीस आले. वाटोळे गृहस्थ. जीपमधून उतरताना जीप वर आली. मागून ड्रायव्हर दोन लोखंडी वजनं घेऊन. साहेबांनी चष्मा लावला, फॉर्म काढला आणि विचारलं, "हं, कुठून सुरुवात करायची?"

"या पाचांपासून," मामा म्हणाले. "यांवर भरवसा ठेवू नका, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "काय म्हणालात?"

"या पाच कच्च्या आहेत. बाकीच्यांना काल आधार दिलाय. आमचं माप आटलंय."

"तीस वर्षं मी तपासणी करतोय," साहेब म्हणाले, "कच्ची फळी मला नेहमी शोधावी लागते. लोक तिच्यापुढे कुंडी ठेवतात." मामीनं छताकडे बघितलं. "आणि माप आटतं कसं? कसलं माप?"

मग सगळं सांगावं लागलं. मटारपासून. साहेब ऐकता ऐकता खाली बसले. मध्येच फळीखाली वाकून त्यांनी खडूची अक्षरं वाचली. "दोन वहिनी," ते म्हणाले. "आणि हे फॉर्मात काय लिहू? इथे रकाना आहे, मापाचं एकक. त्यात किलो लागतं. एक वहिनी म्हणजे किती किलो?"

मामांनी मामीकडे बघितलं. मामीनं बाईंकडे. बारा वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी वाजली. वहिनी आल्या. पायरीशी एक पाय टेकून रुबाबात उतरल्या. "काय झा… हिक्… झालं?"

"या वहिनी," मामा म्हणाले.

साहेब उठून उभे राहिले, मापापुढे उभं राहावं तसे. "ताई, एक विनंती आहे. गिरणीत काटा आहे. दोन मिनिटांचं काम. तुमचं वजन कळलं की फॉर्म पुरा होतो."

"माझं वजन?" वहिनींची उचकीच थांबली. "सरकारी कागदावर? शिक्क्यासकट? आणि मग भाऊजी ते काच लावून दारावर टांगणार? येणारेजाणारे वाचणार? नाही! त्यापेक्षा लोखंडी कपाटं आणा, मी स्वतः रंग देते!"

"वहिनी, फक्त एक आकडा!"

"भाऊजी, तुमच्यासाठी मी काट्याकुट्यावर बसले, ओल्या फळीवर बसले, एकदा तर खिळ्यावर बसले आणि हूं की चूं केलं नाही. पण आकडा नाही सांगणार. हिक्!"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. एकक नाही, तर ठप्पा नाही. नियम म्हणजे नियम. मामांना हे मनापासून पटलं, आणि म्हणूनच त्यांना फार वाईट वाटलं. त्यांच्या डोळ्यांपुढे ती रिकामी चौकट आली. आणि चौकटीखाली दार. आणि दाराशी ढीग. आणि ढिगावर मांजर.

"वाळू!" मामा ओरडले.

"कसली वाळू?"

"साहेब, पोती अधिक ढीग! पोत्यांत आताच्या वहिनी आहेत, आणि घटलेल्या दाराशी पडल्यात. ढीग पोत्यांत परत घाला, की झाली पहिल्या दिवसाची वहिनी! आमचं माप तेच. तिचं वजन करा!" मग ते वहिनींकडे वळले, जरा भीत भीत. "वहिनी, तो आकडा तुमचा नाही हो. तो पूर्वीच्या… त्या… बाईंचा."

वहिनींनी विचार केला. उचकी दिली. पुन्हा विचार केला.

"ती होय? ती बाई आता राहिलीच नाही," म्हणाल्या. "तिचं काय लिहायचं ते लिहा खुशाल!"

सगळी वरात कारखान्यावर गेली. मांजराला उठवलं. ढीग फावड्यानं पोत्यांत भरला, वाळू ड्रायव्हरनं मुठीमुठीनं टिपली, पोती गिरणीच्या काट्यावर चढवली. साहेबांनी आकडा फॉर्मात लिहिला. वहिनी लांब उभ्या राहून, काही देणंघेणं नसल्यासारख्या, मान उंच करून बघत होत्या. आकडा दिसल्यावर त्यांची भुवई चढली.

"एवढंच?" त्या मामीच्या कानात म्हणाल्या. "मला वाटलं होतं, ती याच्यापेक्षा बरीच जास्त होती."

"तशी होतीच," मामी हळूच म्हणाली. "आठ महिने त्या ढिगातल्या वाळूनं मी कढया घासतेय. बोलू नका."

म्हणजे जुनी वहिनी कागदावर जरा हलकीच उतरली. पण त्यानं बिघडलं काही नाही. फळी लिहिल्यापेक्षा थोडी जास्तच भार घेणार, कमी नाही. आयुष्यात क्वचितच चूक अशी बरोबर बाजूला पडते.

वाचनालयात परतल्यावर साहेबांनी वजनं लावली. आधार दिलेल्या एकोणीसही फळ्या बोटाच्या आत राहिल्या. मग त्या पाचांतल्या एकीवर दोन्ही वजनं ठेवली, आणि मन भरलं नाही म्हणून साहेब स्वतः शेजारी बसले. फळी दीड बोट वाकली.

"नापास," साहेब बसल्या बसल्या म्हणाले. "तुम्ही म्हणाला होतात अगदी तशीच." त्यांनी मांडीवरच फॉर्म पुरा केला: 'मधोमध आधार दिल्यास भुशाची फळी सार्वजनिक वापरास योग्य.' आणि ठप्पा मारला. ठप्प्याच्या धक्क्यानं फळी आणखी अर्धं बोट वाकली, तेव्हा मात्र ते पटकन उठले.

मामांनी कागद घेतला, शाई वाळावी म्हणून त्यावर फुंकर घातली, आणि मग शाई वाळल्यावरही बराच वेळ फुंकर घालत राहिले. मामीनं त्यांच्या हातातून कागद काढून घेतला. "अहो, पुसाल ते."

त्या पाच नापास फळ्यांचं पुढे फार छान झालं. मामीनं गव्हाचं काड उभं चिरलं, गरम इस्त्रीनं सपाट केलं आणि कापून कापून फळ्यांवर पक्षी चिकटवले. सोनेरी बदकं, सोनेरी घुबड, मक्याच्या सालीची फुलं, आणि एका फळीवर सायकलवरून जाणारी एक बाई, दोन्ही हात सोडून. फळ्या मुलांच्या दालनात भिंतीवर लागल्या. भिंतीवर नुसतं लटकायला पाव वहिनीसुद्धा पुरते. आता बँकेला तशा फळ्या हव्यात, दवाखान्याला हव्यात. आणि न्हाव्यानं आरशाभोवती लावायला नक्षी मागितली आहे, पण दाणे नकोत म्हणाला.

लाकूडवाला परवा रस्त्यात भेटला. "काय मामा, आज काय रांधलंत?"

"फळी," मामा म्हणाले. "ठप्प्याची." आणि पुढे गेले. घरापर्यंत छाती काढून चालल्यामुळे संध्याकाळी त्यांची पाठ धरली.

चौकट आता भरली आहे. तिच्याखाली हातांची खुर्ची तशीच आहे. तिच्यात वाळूची दोन पोती एकावर एक ठेवलेली असतात. तोंडं शिवलेली, वर लाखेचं सील, आणि पहिल्या तारखेला त्यांना कुणीही हात लावत नाही. थंडीच्या दिवसांत कुणी तरी त्यांच्यावर जुनी शाल टाकते. कोण, ते सगळ्यांना माहीत आहे.

वहिनींना मामांनी नवं काम दिलं. भार पोती तोलतात, पण फळी पास की नापास हे वहिनी ठरवतात, आणि पास झालेल्या फळीवर कारखान्याचा शिक्का त्याच मारतात. रोज सकाळी सायकल भिंतीला टेकवतात, पदावर असल्यासारख्या आत येतात, आधी फळी बघतात, मग खुर्चीतल्या पोत्यांकडे वळतात. वरचं पोतं जरा कललेलं असतं.

"अगं, नीट बस," वहिनी म्हणतात. "माप आहेस तू."

आणि धपकन शिक्का मारतात.